एकसष्टावा दिवस

"मी आजवर कुणाचा जीव घेतला नाही बाई, पण ज्यांना उशीर झाला त्यांची नावं सगळी माझ्या अक्षरात आहेत."

तारीखकाका हे एकदाच बोलले होते, जेवणाचा डबा उघडता उघडता. पुढच्याच श्वासाला त्यांनी मीठ मागितलं. टायपिस्टबाईंनी मिठाची पुडी पुढे सरकवली आणि हसावं की गप्प बसावं ते न कळून नुसते ओठ हलवले. शेजारच्या टेबलाला बसून त्यांना अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात काकांच्या तोंडून तारीख नसलेली वाक्यं त्यांनी ऐकली असतील ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

अपील कोर्टाच्या तळमजल्यावर त्यांची आवक खोली होती. दोन टेबलं, दार नीट न लागणारं एक लोखंडी कपाट, आणि बोळासारख्या अंधाऱ्या व्हरांड्याकडे उघडणारी एक जाळीची खिडकी. कोर्टाला कुणालाही काहीही द्यायचं असेल तर ते त्या खिडकीतून आत यायचं. काका एक शिक्का कोर्टाच्या प्रतीवर मारायचे, एक आणणाऱ्याच्या प्रतीवर. शिक्का बसला की तो कागद वरच्या मजल्यासाठी जन्माला आला. त्याआधी त्यात कुणी काळीज काढून ठेवलेलं असलं, तरी तो खिडकीबाहेरचा कागद.

काकांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. वकील, शिपाई, साहेब, सगळे त्यांना तारीखकाकाच म्हणत. याचं कारण फाशीची अपिलं. अशा प्रत्येक अपिलाचं वेळापत्रक कोर्ट ठरवून देई आणि ते पुठ्ठ्याच्या पिवळ्या तक्त्यावर उतरवायचं काम काकांकडे होतं. सरकारने आपल्याकडचे सगळे कागद, जबान्या, फोटो, तपासण्यांच्या नोंदी कोणत्या दिवसापर्यंत आरोपीच्या वकिलाला द्यायच्या. ते मिळाल्यापासून किती दिवसांत वकिलाने सांगायचं की यातलं काय पुन्हा तपासायचं आहे, कुणाला पुन्हा प्रश्न विचारायचे आहेत. तो दिवस गेला की ते दार बंद. पुढे अपील चालतं, पण जुन्याच कागदांवर. आणि ज्या कागदांवर माणसाला फाशी झाली, त्याच कागदांवर ती सहसा टिकते. काकांच्या टेबलामागच्या भिंतीवर असे तीन-चार तक्ते खिळ्यांना लटकलेले असायचे. कागद मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, शेवटच्या दिवशी पाचच्या ठोक्यापर्यंत घ्यायचं. काका हे बोटांच्या पेरांवर मोजत, मग कॅलेंडरवर, मग पुन्हा पेरांवर.

"काका, लग्नात काकूंना पोच दिली होती का?" म्हातारा शिपाई चहा ठेवताना विचारायचा.

"दिली होती. तारीख बघून सही करून घेतली."

"मग परत करायची मुदत टळली म्हणायची."

"तुझीही टळलीय. चहा ठेव आणि जा."

त्यांच्या दोन सवयी होत्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका सकाळी शिक्क्याची तारीख पुढे करायची राहिली आणि दोन कागदांवर कालचा दिवस पडला. तेव्हाच्या मोठ्या कारकुनाने चारचौघांत त्यांची अशी काही शोभा केली की तेव्हापासून काका आदल्या संध्याकाळीच शिक्क्याचं चाक फिरवून उद्याची तारीख आणून ठेवत आणि मगच तो खणात घालून कुलूप लावत. दुसरी सवय वहीची. दिवसभरात आलेल्या कागदांच्या कच्च्या चिठ्ठ्या तारेला टोचायच्या आणि संध्याकाळी त्यावरून आवक वहीत पक्की नोंद करायची. एकतीस वर्षांत त्या वहीत एक खाडाखोड नव्हती. तपासणीला आलेले अधिकारी ती वही दुसऱ्या कचेऱ्यांना दाखवायला न्यायचे. काका म्हणत, शिक्का आणि वही यांचं कधी भांडण होता कामा नये. हे म्हणताना त्यांचा आवाज जरा मऊ व्हायचा, घरातल्या दोन माणसांबद्दल बोलावं तसा.

त्या वर्षी भिंतीवर एका पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाचा तक्ता होता. मालकाच्या खुनासाठी त्याला फाशी झाली होती आणि सगळा खटला उभा होता तो त्याच्या सदऱ्यावरच्या रक्ताच्या डागावर. सरकारने चार खोकी भरून कागद दिले. वकील हडकुळा, हाताखाली माणूस नसलेला. तिसऱ्या खोक्यात त्याला एक पान सापडलं. त्यावरून दिसत होतं की सदऱ्याची मोहरबंद पिशवी प्रयोगशाळेत पोचण्याआधीच एकदा उघडली गेली होती. कुणी उघडली, कशासाठी, हे विचारायला त्याच्याकडे साठ दिवस होते. त्याने साठही वापरले. अर्ज घेऊन तो साठाव्या दिवशी सकाळी साडेदहाला खिडकीवर आला, आणि त्याच्यासोबत त्या माणसाची बहीण होती. तिला शिक्का बसताना आपल्या डोळ्यांनी पाहायचा होता.

काका त्या सकाळी कचेरीत नव्हते. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच खणाची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली होती. "बरोबर दहाला उघडा बाई. शाईची गादी कोरडी वाटली तर दोनच थेंब. चिठ्ठीवर आणणाऱ्याची सही. मी बारापर्यंत येतोच." सगळं सांगितलं, फक्त चाक फिरवून ठेवलंय हे सांगितलं नाही. श्वास घेतलाय हे कुणी सांगतं का?

बाईंनी अकरा वर्षं रोज सकाळी पाहिलं होतं की काका शिक्का डोळ्यांजवळ नेतात आणि अंगठ्याने चाकं घासतात. त्यांनीही तसंच केलं. तारखेचं चाक एक घर पुढे सरकवलं. खिडकीवर माणसं ताटकळली होती, शिक्क्यावरची अक्षरं उलटी आणि बारीक. दुपारपर्यंत सात कागदांवर उद्याची तारीख पडली. वकिलाने आपली प्रत न बघताच पिशवीत टाकली, त्याला वर दुसऱ्या कोर्टात धावायचं होतं. बहिणीने शिक्का पाहिला, तारीख पाहिली नाही. शिक्का बसल्याचा दणका ऐकून तिने डोळे मिटले, आणि जाताना बाईंना म्हणाली, "ताई, तुमचा हात हलका आहे."

बाराला काका आले. त्यांनी शिक्का उचलला आणि त्यांचा हात हवेतच थांबला. मग चाक एक घर मागे आलं.

"किती आले सकाळी?"

"सात."

त्यांनी तारेवरच्या चिठ्ठ्या चाळल्या. एका चिठ्ठीवर त्यांची नजर फार वेळ राहिली. बाईंना वाटलं, दवाखान्यातून आलेत, लक्ष नसेल. "काकू कशा आहेत?" त्यांनी विचारलं. "शुद्धीवर आल्या," काका म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी वही लवकर मिटली.

पाच आठवड्यांनी वरून निकालाची प्रत खाली आली. बाईंनीच तिच्या प्रती काढल्या. अर्ज एकसष्टाव्या दिवशी दाखल, मुदत टळलेली, सबब फेटाळला. रोज असे दहा निकाल त्यांच्या हाताखालून जात. यातलं काहीच मनाला लागलं नाही. बाई त्याबद्दल स्वतःला पुढे फार दिवस माफ करू शकल्या नाहीत.

बहीण दोन आठवड्यांनी खिडकीवर आली. हातांना इस्त्रीचे जुने, काळपट चट्टे. आरडाओरडा काही नाही. जाळीला बोटं धरून म्हणाली, "ताई, तुम्हीच होता ना त्या दिवशी?"

"कोणत्या दिवशी?"

"तेच मी विचारायला आलेय. मी लॉन्ड्रीत असते. महिन्यात एक सुट्टी मिळते, ती मी त्या दिवशी घेतली. दुसऱ्या दिवशी मी कामावर होते, मुकादमाची हजेरी आहे. मग कोर्ट म्हणतं त्या दिवशी मी इथे कशी आले?"

काका मान वर न करता म्हणाले, "वहीत जे आहे ते आहे."

"वही खोटं बोलत नसेल काका. पण मीही खोटं बोलत नाही. मग आता कुणाला खोटं पाडायचं ते तरी सांगा."

काकांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"निकाल लागल्यापासून तो भेटीलाच बाहेर येत नाही," ती बाईंना म्हणाली. "दोनदा जाऊन आले. तुरुंगातल्या शिपायाकडून निरोप पाठवतो, म्हणावं माझ्यासाठी साठापर्यंत मोजणारंही कुणी निघालं नाही. त्याला वाटतं मी उशीर केला. बसून राहिले घरी."

ती गेल्यावर काका हात धुवायला उठले. बाई त्यांच्या टेबलाशी गेल्या. ऑपरेशनची तारीख त्यांना पक्की आठवत होती. किल्ली आपल्याकडे आली होती तो दिवस कोण विसरेल? त्या दिवसाच्या पानावर दुपारनंतरचेच कागद होते. सकाळचे साती दुसऱ्या दिवसाच्या पानावर, सुबक अक्षरात, एकाखाली एक.

जेवणाच्या सुट्टीत डबे तसेच बंद राहिले.

"काका, ते सात कागद दुसऱ्या दिवशीच्या पानावर कसे?"

काकांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही चाक फिरवलंत."

"सकाळी फिरवायचं असतं ना?"

"मी आदल्या संध्याकाळी फिरवतो."

"मला कुठे ठाऊक? रोज सकाळी तर तुम्ही अंगठ्याने…"

"ते मी पुसतो बाई. शाई राहते."



"बरं, माझं चुकलं. पण तुम्हाला दुपारीच कळलं होतं. तेव्हाच वर जाऊन का नाही सांगितलंत?"

"एका दिवसाचा उशीर माफ होतो. एकतीस वर्षं बघतोय मी. अर्जात दिलगिरी लिहायची, साहेब दोन शब्द सुनावतात आणि माफ करतात. मला वाटलं, होईल माफ. शिक्का एक म्हणतोय आणि वही दुसरं, हे मात्र कुणी माफ केलं नसतं. म्हणून मी वही जुळवली."

"आणि साहेबांनी नाही केलं माफ."

"नवे साहेब आहेत. दिवस म्हणजे दिवस."

"मग आता जाऊन सांगा."

"काय सांगू? की हे पान खोटं आहे? मग बाकीची खरी कशावरून?" त्यांनी कपाटाकडे हात केला, आत एकतीस वर्षांच्या वह्या होत्या. "ज्यांना ज्यांना उशीर झाला असं मी लिहिलं, ते सगळे विचारायला येतील. आणि जे आता विचारू शकत नाहीत, त्यांच्या घरचे येतील. मी त्यांना काय दाखवू? पेरं?" मग ते हळूच म्हणाले, "आणि चाक कुणी फिरवलं हेही विचारतीलच. तुमची नेमणूक सहा-सहा महिन्यांची आहे, बाई."

काका धमकी देत नव्हते, हे बाईंना कळत होतं. नुसती धमकी असती तर उलट बोलणं सोपं गेलं असतं. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते, शिकणारी मुलगी होती. त्या संध्याकाळी मुलीने दोनदा काहीतरी विचारलं आणि दोन्ही वेळा बाईंनी "हो" म्हटलं. प्रश्न कोणता होता ते त्यांना कळलंच नाही. आपण एक चाक फिरवलं, अंगठ्याच्या नखाएवढं, आणि कुठेतरी एका कोठडीत एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसला. बाईंना हे खरं वाटत नव्हतं आणि दुसरं काही सुचतही नव्हतं.

वकिलाने फेरविचाराचा अर्ज केला. सोबत लॉन्ड्रीच्या हजेरीची नक्कल जोडली. आठ दिवसांनी सुनावणी लागली आणि हुकूम निघाला की आवक कारकुनाने वहीसह हजर राहावं. त्या आठ दिवसांत दोघं पोच, गादी, चिठ्ठी यांपलीकडे एक अक्षर बोलले नाहीत. पिवळा तक्ता भिंतीवर तसाच होता. निकाल लागला की काका तक्ता उतरवून दुमडून ठेवत. हा त्यांनी उतरवला नव्हता.

सुनावणीच्या दिवशी बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. बहीण दोन बाकं पुढे होती, धुवून कडक इस्त्री केलेल्या कपड्यांत. सरकारी वकील गोरागोमटा, अत्यंत सभ्य माणूस. त्याने हजेरीची नक्कल दोन बोटांत धरली. "एका बाजूला लॉन्ड्रीच्या मुकादमाचा कागद. दुसऱ्या बाजूला या न्यायालयाचा शिक्का आणि या न्यायालयाची वही. साहेब, दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळतात."

न्यायाधीशांनी वही उघडून पान पाहिलं. "जुळतात," ते म्हणाले आणि लेखनिकाला मजकूर सांगायला वळले.

"ते मी जुळवलंय, साहेब."

आवाज इतका हलका होता की न्यायाधीशांनी आधी वकिलाकडे पाहिलं. काका कठड्याजवळ उभे होते, रिकामे हात पुढे धरून, वही अजून हातातच असल्यासारखे.

"काय म्हणालात?"

"शिक्का एक दिवस पुढे गेला होता. त्या सकाळचे सात कागद साठाव्या दिवशी आले, त्यांवर एकसष्टावा पडला. शिक्का बदलता येत नाही म्हणून मी वही बदलली. नोंद दुसऱ्या दिवशीच्या पानावर घातली."

"शिक्का पुढे कसा गेला?"

आता नाव येईल, बाईंना वाटलं. आलं तर उठून उभं राहायचं, हो म्हणायचं, असं त्यांनी जिना चढताना ठरवलं होतं. नाव न आलं तर काय, हे मात्र ठरवलं नव्हतं.

"आदल्या संध्याकाळी चाक फिरवायची माझी पद्धत आहे," काका म्हणाले. "ते माझ्याकडून दोनदा फिरलं."

"तुम्हाला हे कळलं केव्हा?"

"त्याच दुपारी."

बहिणीने मान वळवली आणि काकांकडे पाहिलं, दुकानात एखाद्या वस्तूवरची किंमत वाचावी तसं.

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. मग त्यांनी मजकूर सांगितला. अर्ज साठाव्या दिवशी, मुदतीत दाखल झाला असं धरावं. मोहरबंद पिशवीबाबतच्या सगळ्या नोंदी प्रयोगशाळेने एकवीस दिवसांत द्याव्यात आणि तपासणीसाला प्रश्नांसाठी हजर करावं. आवक कारकुनाने आजच कामावरून दूर व्हावं. किल्ली आणि शिक्का ताब्यात घ्यावेत. त्यांच्या काळातल्या सगळ्या वह्यांची चौकशी व्हावी. हे सांगताना त्यांचा सूर चढला नाही. बाई बाकावर बसून होत्या. उठायची वेळ आली होती आणि गेली होती, आणि त्यांच्या पायांनी काहीच केलं नव्हतं.

खाली खोलीत मुख्य कारकुनाने किल्ली घेतली, सही करून घेतली आणि नजर चुकवत निघून गेला. शिपाई दाराशी घुटमळला. त्याला एखादा विनोद करायचा असावा. तोंडापर्यंत आलेला त्याने गिळला आणि रिकामे कप उचलून नेले. काका खुर्चीवर बसले होते. टेबलावर त्यांचं स्वतःचं असं फारच थोडं निघालं: चष्म्याचं घर, एक कंगवा, औषधाची पट्टी. ते त्यांनी पिशवीत भरलं.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही माझं नाव…"

"राहू द्या."

"मी उठणार होते."

काकांनी पिशवीची गाठ मारली. बाईंना वाटलं, त्यांनी निदान रागवावं.

तेवढ्यात जाळीपाशी बहीण आली. हातात निकालाची नक्कल नुसती धरून ती उभी होती. बाई घाईने म्हणाल्या, "झालं ना मनासारखं? आता त्या पिशवीचं विचारता येईल."

"येईल," ती म्हणाली. "वकीलसाहेब सांगतायत, अजून आशा आहे. पण ज्याच्यासाठी विचारायचं तो सही द्यायला बाहेर येत नाही ताई. परवा वकीलपत्र सही न करताच परत पाठवलं त्याने. म्हणतो, पुरे झाले दिवस." मग ती काकांकडे वळली. तिच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता. "तुम्हाला त्या दुपारीच कळलं होतं. मी अजून बाहेर व्हरांड्यातच होते, काका. वकीलसाहेब वर गेले होते, मी बाकावर बसून भाकरी खात होते. तुम्ही माझ्यासमोरून आत आलात. खिडकीतून नुसती हाक मारली असती तरी झालं असतं. शिक्का दुसरा मारता आला असता ना तेव्हा?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. मारता आला असता, हे खोलीतल्या दोघांनाही माहीत होतं. पाच वाजेपर्यंत साठावा दिवस जिवंत होता. चुकलेला शिक्का आडव्या रेघेने रद्द करून, शेजारी दुसरा मारून, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायची सोय नियमातच होती. मात्र त्याचा शेरा वहीतही मारावा लागला असता, आणि वही खराब झाली असती.

"मी सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही," ती म्हणाली. "तो म्हणेल बहीण आहे, मला बरं वाटावं म्हणून बोलतेय. तुम्ही सांगितलंत तर वाटेल. त्याच्याकडच्या प्रत्येक कागदावर तुमचं अक्षर आहे. उद्या भेटीचा दिवस आहे, कोर्टाचा माणूस आलाय म्हटल्यावर तो बाहेर येईल. याल? दोन वाक्यं बोलायची फक्त. की ती वेळेत आली होती."

व्हरांड्यात कुणीतरी खोकलं, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काकांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करत फिरत होता, पहिल्या बोटापासून शेवटच्यापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. मग तो थांबला. त्यांनी पिशवी उचलली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, दारातून बाहेर पडले आणि जाळीला बोटं धरून उभ्या असलेल्या बहिणीच्या अगदी जवळून, तिच्याकडे न बघता, एक शब्दही न बोलता निघून गेले.